यशाचे माप आणि शिक्षकाची उमेद

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



थकवा दोन प्रकारचा असतो. दिवसभर वर्गात उभे राहून, फळ्यावर लिहून, निरनिराळ्या इयत्तांच्या मुलांना आलटून पालटून काम देऊन संध्याकाळी अंग आंबून जाते, तो एक थकवा. रात्रीची झोप झाली की तो उतरतो आणि सकाळी घंटा वाजताच शिक्षक पुन्हा ताजातवाना उभा राहतो. या थकव्याची फार चिंता करण्याचे कारण नाही. कष्टाच्या प्रत्येक धंद्यात तो असतोच. दुसरा थकवा मात्र झोपेने उतरत नाही. उन्हाळ्याची सुटी संपत येते, शाळा उघडण्याचा दिवस जवळ येतो, आणि मन जड होते. वर्गात पाठ घेतला जातो, पण त्यात जीव नसतो. मुलाने विचारलेला प्रश्न आनंद देण्याऐवजी अडथळा वाटू लागतो. 'या मुलांचे काही व्हायचे नाही' हे वाक्य मधल्या सुटीत सहज तोंडून निघते आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. हा उमेदीचा थकवा होय. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

या थकव्याचा शास्त्रशुद्ध विचार गेल्या अर्धशतकात झाला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली लोकसेवेच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या माणसांच्या अनुभवावरून त्याचे वर्णन केले. त्यांच्या निरीक्षणातील एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्यांनी कामाला वाहून घेतलेले असते, त्यांनाच या थकव्याचा धोका अधिक असतो. ज्याने मुळातच अंग राखून काम केले, त्याचे काय विझणार? जे पेटलेले असते तेच विझते. तेव्हा या अवस्थेला आलेल्या शिक्षकाला आळशी किंवा कामचुकार म्हणणे हा अन्याय आहे. पुष्कळदा तोच शिक्षक दहा वर्षांपूर्वी रविवारीही शाळा उघडून मुलांना शिकवीत असे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेचा समावेश केला. मात्र रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे ती उद्भवते, असे तेथे म्हटले आहे आणि तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, हे पहिले. कामापासून मन दुरावणे आणि त्याविषयी कडवट भावना निर्माण होणे, हे दुसरे. आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही असे वाटणे, हे तिसरे.

या तिन्हींचा एकमेकांशी संबंध असला तरी त्यांचे उपाय निरनिराळे आहेत. पहिल्या लक्षणाचे मूळ बरेचसे कामाच्या ओझ्यात असते आणि ओझ्यावर उपदेश हा उपाय नव्हे. माहितीचे तक्ते, निरनिराळ्या संकेतस्थळांवर भरावयाच्या नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, सर्वेक्षणे, बैठका या साऱ्यांनी शिक्षकाचा दिवस कुरतडला जातो, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. त्याच्या २७ व्या कलमानुसार दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामासाठी शिक्षकाची नेमणूक करता येत नाही. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान तास ४५ सांगितले आहेत आणि त्यांत पाठाच्या तयारीचा वेळ धरलेला आहे. म्हणजे तयारी हे शिक्षकाने घरी रात्री उरकावयाचे फुकटचे काम नाही. ते नेमून दिलेल्या कामाचाच भाग आहे. ओझे वाजवीपेक्षा वाढले असेल तर केंद्रप्रमुखांकडे ते लेखी, मुद्देसूद आणि संयमाने मांडावे. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

परंतु ओझे कमी झाले तरी तिसरे लक्षण आपोआप जात नाही. सर्व तक्ते वेळेवर भरून झालेले असतात, हाताशी दोन तास मोकळे असतात, आणि तरीही शिक्षकाला वाटते की आपल्या हातून काही झाले नाही. असे का वाटते? 'काही झाले' हे तो कोणत्या मापाने मोजतो, यावर ते अवलंबून असते. माप चुकीचे असेल तर भरलेले पोतेही रिकामे दिसते.

चुकीच्या मापाने शिक्षणाचे काय होते, याचा एक मोठा प्रयोग इतिहासात होऊन गेला आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांच्या सरकारी अनुदानाचे नवे नियम अमलात आले. 'निकालाप्रमाणे मोबदला' असे त्यांचे सूत्र होते. सहा वर्षांवरील मुलाने ठरलेल्या हजेऱ्या भरल्या तर त्याच्यापोटी शाळेला आठ शिलिंग मिळत. पण वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांपैकी ज्यात ते मूल निरीक्षकासमोर नापास होई, त्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. योजना वरवर पाहता चोख होती. काम तेवढे दाम, यात गैर ते काय?

प्रत्यक्षात घडले ते असे. मुलांकडून वाचनाचे पुस्तक पाठ करून घेतले जाऊ लागले. पुस्तक हातात उलटे धरूनही मुले घडाघडा 'वाचीत', अशी वर्णने त्या काळातील आहेत. परीक्षेत नसलेले विषय मागे पडले. सुप्रसिद्ध कवी मॅथ्यू आर्नल्ड हे त्या काळी शाळांचे निरीक्षक होते. शिकवणे यांत्रिक होऊ लागले आहे, असे त्यांनी आपल्या सरकारी अहवालांतून वारंवार कळविले. नियम करणाऱ्या खात्याच्या नोकरीत राहून त्यांनी हे लिहिले, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. आपल्याकडे मुंबई इलाख्यातही एकोणिसाव्या शतकात अनुदानाची अशी रीत काही काळ चालली होती. इंग्लंडमध्ये ती व्यवस्था १८९० नंतरच्या दशकात मोडीत निघाली. पण तोवर तीस वर्षांहून अधिक काळ हजारो शिक्षकांनी मुलाकडे पाहिले ते दोन शिलिंग आठ पेन्सची जोखीम म्हणून. मंदगतीने शिकणारे मूल हे शिकवण्याचे कारण न राहता नुकसानीचे कारण झाले. ज्या धंद्यात माणूस माणसाकडे असे पाहू लागतो, त्या धंद्यात उमेद कशी टिकणार?

जिल्हा परिषदेच्या शाळेत आज शिक्षकाचा पगार मुलांच्या गुणांवर कापला जात नाही. पण ते माप मनातून गेले आहे काय? शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत शाळेची किती नावे आली, नवोदय विद्यालयात कोण निवडले गेले, पटसंख्या वाढली की घटली, तालुक्याच्या तक्त्यात शाळा कोणत्या क्रमांकावर आहे, एवढ्यावरच वर्षाचा जमाखर्च मांडला जातो. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. गुणवान मुलाला शिष्यवृत्ती मिळाली तर त्याचा आनंद व्हावयासच हवा. पण हे शेजाऱ्याच्या क्रमांकावर अवलंबून असलेले यश आहे. तालुक्यात पहिला क्रमांक एकाच शाळेचा येणार. बाकीच्या शाळांतील शिक्षकांनी आपले वर्ष वाया गेले असे समजावयाचे काय?

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एखादी द्विशिक्षकी शाळा नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणावी. पट चौतीस, वर्ग पहिली ते पाचवी. दिवाळीच्या सुमारास त्यांतील अकरा मुलांचे आईबाप ऊसतोडीला निघतात. काही मुले त्यांच्यासोबत जातात, काही आजीपाशी राहतात. गेलेली मुले परततात ती चैत्रवैशाखात. वर्षाअखेर या शाळेचे नाव कोणत्याही यादीत झळकत नाही. तेथील गुरुजी तक्ता पाहतात आणि मनाशी म्हणतात, 'याही वर्षी काही झाले नाही.'

आता त्याच वर्षाकडे दुसऱ्या मापाने पाहावे. तिसरीतील एका मुलीला जूनमध्ये जेमतेम दहाबारा अक्षरे ओळखू येत होती. दिवाळीपर्यंत ती जोडाक्षरे नसलेली लहान वाक्ये वाचू लागली आणि होळीपर्यंत छोटी गोष्ट. घरी गोरमाटी बोलणारा पहिलीतील एक मुलगा पहिले दोन महिने वर्गात एक शब्दही बोलला नव्हता. भाद्रपदात एके दिवशी त्याने मराठीत विचारले, "गुरुजी, पाऊस कुठं राहतो?" ऊसतोडीला गेलेल्या एका चौथीतील मुलाने जाताना गोष्टींचे पुस्तक नेले होते; परतल्यावर तो होता तेथून मागे गेला नव्हता. सहा महिने कोपीत राहून, धाकट्या भावंडाला सांभाळून, शिकलेले टिकवून ठेवणे ही त्या मुलाची केवढी कर्तबगारी! आणि त्याच्या हाती ते पुस्तक देणाऱ्या गुरुजींची काही कमी नव्हे. 'काही झाले नाही' असे वाटणाऱ्या वर्षात एवढे घडले होते. ते कोणत्याच रकान्यात बसत नव्हते, म्हणून खुद्द ते घडविणाऱ्यालाही दिसले नाही.

शेतकऱ्याला हा विवेक उपजतच असतो. जिरायत रानात एकरी चार पोती ज्वारी काढणारा शेतकरी पाटाच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्याच्या उत्पन्नाशी आपली तुलना करून कपाळाला हात लावीत नाही. आपले रान कसे आहे, पाऊस किती झाला, आणि त्यात आपण काय पिकविले, हे तो पाहतो. शिक्षकानेही मूल कोठे पोचले एवढेच न पाहता ते कोठून निघाले होते हे पाहावे. मुक्कामाचे ठिकाण नव्हे, तर चाललेले अंतर हे शिक्षकाच्या यशाचे खरे माप होय.

हे माप बदलण्याचे धैर्य आपल्याच मुलखात एका थोर बाईंनी दाखविले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. 'आम्ही शाळा उघडली, येत नाहीत त्याला आम्ही काय करणार?' असे म्हणून हजेरीपट मिटता आला असता. ताराबाईंनी प्रश्नच फिरविला. मुले शाळेत का येत नाहीत, याऐवजी शाळा मुलांपर्यंत का जात नाही, असा तो प्रश्न झाला. बालवाडी वस्तीतील अंगणात भरू लागली आणि मराठीला 'अंगणवाडी' हा शब्द मिळाला. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले दिवसा गुरे राखतात म्हणून गुरे चरत तेथेच शिकवणारी कुरणशाळा तेथे चालविण्यात आली. ठरलेल्या खोलीत, ठरलेल्या वेळी भरलेला पट हे यशाचे माप धरले असते तर बोर्डीचा प्रयोग पहिल्या वर्षीच फसला असे म्हणावे लागले असते. मुलापर्यंत शिक्षण पोचले की नाही हे माप धरल्यामुळे तोच प्रयोग देशाला वाट दाखविणारा ठरला. माप बदलताच त्या दोघींचे काम हलके झाले नाही, उलट वाढले; पण ते निष्फळ वाटेनासे झाले. माणूस मोडतो तो कामाच्या वजनाने जितका, त्याहून अधिक ते काम निष्फळ आहे या भावनेने.

मग रोजच्या शाळेत हे कसे साधावे? त्यासाठी मोठी योजना नको. एक साधी शंभरपानी वही पुरे. ती कोणाला दाखवावयाची नाही, तिच्यावरून कोणता तक्ता भरावयाचा नाही. प्रत्येक मुलाला त्यात दोन पाने द्यावीत. पहिल्या ओळीत जून महिन्यात ते मूल कोठे होते ते लिहावे: अक्षर ओळखते, शब्द वाचते, वाक्य वाचते की गोष्ट, वीसपर्यंत मोजते की हातच्याची बेरीज करते, बोलते की गप्प असते. त्यानंतर पंधरा दिवसांतून एकदा, रोज तीनचार मुले याप्रमाणे, एकेक ओळ लिहावी. 'प्रगती समाधानकारक' असले शेरे तेथे नकोत. 'आज प्रथमच स्वतःहून पुस्तक मागितले', 'शून्याची वजाबाकी अजून अडते. काड्यांचे गठ्ठे देऊन पाहणे', असे नेमके लिहावे. २००९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य सांगितले आहे. त्याच कलमात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याला आवश्यक ते जादा शिक्षण देणे हेही कर्तव्य सांगितले आहे. पहिल्या कर्तव्याची नोंद ठेवणारी दप्तरे पुष्कळ आहेत. ही वही दुसऱ्या कर्तव्याची होय.

वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखावेत. जे पूर्णपणे शिक्षकाच्या हाती आहे ते पहिल्यात: पाठाची तयारी, मुलाशी बोलण्याची रीत, चूक झाल्यावर त्याला मिळणारी वागणूक, वेळेवर येणे. जे काही अंशी हाती आहे ते दुसऱ्यात: हजेरी, पालकांचे सहकार्य, ऊसतोडीला निघालेले मूल गावात ठेवण्याविषयी आजीचे मन वळविणे. आणि जे मुळीच हाती नाही ते तिसऱ्यात: पाऊसमान, कारखान्याचा हंगाम, घरातील दारिद्र्य, बदलीचे वेळापत्रक. थकलेल्या शिक्षकाचे मन बहुधा तिसऱ्या रकान्यात रात्रंदिवस घुटमळत असते आणि पहिल्या रकान्यात त्याने केलेल्या कामाची त्याने स्वतःच कधी नोंद घेतलेली नसते. तिसऱ्या रकान्याविषयी दुःख जरूर असावे. पण त्याचा दोष स्वतःच्या माथी घेऊ नये.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. यशाचा नवा विचार म्हणजे अपेक्षा खाली आणणे नव्हे. 'आमच्या गावची मुले अशीच, त्यांना एवढे आले तरी पुष्कळ' असे म्हणणे हा विचार नव्हे, ती पळवाट आहे. तिने शिक्षकाला चार दिवस बरे वाटते, पण मुलाचे आयुष्यभराचे नुकसान होते. चौथीतील मुलाला वाचता येत नसेल तर ते वाचू लागलेच पाहिजे. या अपेक्षेत तसूभरही कसर होता कामा नये. केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानाचा रोखही याच पायाभूत वाचन-गणनाकडे आहे. फरक एवढाच की वाचनाचे शिखर दूर आहे म्हणून रोज चढलेल्या पायऱ्या मोजावयाच्या नाहीत, असे नाही. ज्याला पायरी दिसते तोच पुढची पायरी चढतो. अपेक्षा सोडून दिल्याने शीण जात नाही. काही काळाने तोच कंटाळा होऊन परत येतो.

शाळांना भेटी देणाऱ्यांवरही या बाबतीत जबाबदारी आहे. मॅथ्यू आर्नल्ड यांचे उदाहरण प्रत्येक पर्यवेक्षकाने मनाशी ठेवावे. शाळेत पाऊल टाकताच पहिला प्रश्न तक्त्याचा असू नये. 'या महिन्यात कोणते मूल पुढे सरकले? कोणते अडले आहे? त्याच्यासाठी काय करून पाहिले?' हे तीन प्रश्न विचारले, तर शिक्षकाला कळते की या कामाला साक्षीदार आहे. शेरेबुकात एखाद्या मुलाचे आणि त्याने ओलांडलेल्या अडचणीचे नाव लिहिले गेले, तर कोरड्या 'बरे'पेक्षा ते अधिक मोलाचे ठरते. शिक्षण परिषदेतही सूचना ऐकण्यात सारा वेळ न घालविता प्रत्येक शाळेने अडलेल्या एका मुलाविषयी दहा मिनिटे बोलावे आणि इतरांनी आपले उपाय सांगावेत. एकटेपणाने उमेद लवकर मावळते. दुर्गम पाड्यावरील शिक्षकाला महिन्यातून एकदा तरी समव्यवसायी माणसांनी मनापासून ऐकून घेणे ही त्याची गरज आहे.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काही वेळा हा थकवा शाळेपुरता राहत नाही. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, घरच्या माणसांतही मन रमत नाही, जगणेच नकोसे वाटते. अशा वेळी वही, विचार आणि व्याख्याने पुरी पडत नाहीत. वैद्यकीय मदत घ्यावी. तापासाठी डॉक्टरकडे जाण्यात लाज नसते, तशी यातही नाही. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. सहकाऱ्याच्या बाबतीत असे दिसले तर त्याची थट्टा न करता त्याच्या घरी जाऊन बसावे.

शिक्षकाच्या पेशात पीक उशिरा हाती येते, आणि पुष्कळदा ते दुसऱ्याच्या खळ्यावर मळले जाते. आज पहिलीत अक्षर गिरवणारे मूल वीस वर्षांनी काय होईल हे पाहण्यास गुरुजी त्या गावात असतीलच असे नाही. त्यांची बदली होऊन दोन गावे मागे पडलेली असतात. म्हणून दूरच्या फळावर उमेद टांगून ठेवू नये. जवळचे, रोजचे, डोळ्यांना दिसणारे यश ओळखण्यास शिकावे. येत्या सोमवारी शाळा भरेल तेव्हा वर्गातील सर्वांत मागे पडलेल्या एका मुलाजवळ दहा मिनिटे बसावे, त्याला नेमके काय येते ते पाहावे, आणि वहीची पहिली ओळ लिहावी. पंधरा दिवसांनी त्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिताना शिक्षकाला स्वतःच्या कामाचे खरे माप दिसू लागेल.